भूत नंतर बघा, आधी भाडेकरू कोण ते बघा

प्रश्न थोडक्यात असा. एका फिल्म क्लबने हिदेओ नाकाता यांचा ‘डार्क वॉटर’ (2002) दाखवला. नंतरच्या चर्चेत कॉलेजातल्या एका मुलीने आक्षेप घेतला: यात सगळे एकाच वंशाचे, एकाच भाषेचे, बाई आधी रडते, मग घाबरते, शेवटी मरते, याला प्रतिनिधित्व म्हणायचं का? त्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी ‘जपानच्या सिनेमात जपानीच असणार, अमेरिकेची फूटपट्टी इथे कशाला’ असं म्हणून विषय मिटवला. क्लब चालवणाऱ्यांना विचारायचंय की कोणाचं बरोबर, आणि पुढच्या खेळानंतर ही चर्चा नीट कशी घ्यायची.

फिल्म सोसायटीसाठी चित्रपट निवडणं आणि रसास्वादाचे वर्ग घेणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. जपानी भयपट त्यात हमखास असतात आणि हा वाद दरवेळी होतो. माझं मत सरळ सांगतो. मुलीचा प्रश्न रास्त आहे, फक्त तिने उत्तर घाईने काढलं. ज्येष्ठांचं मात्र चुकलंच. जपानमध्ये ‘जपानीच’ कधी नव्हते. पिढ्यान् पिढ्या राहणारे कोरियन आहेत, चिनी आहेत, उत्तरेकडचे मूळ रहिवासी आइनू आहेत, ओकिनावाचे लोक आहेत, आणि 1990 च्या सुमाराला व्हिसाचे नियम बदलल्यावर कारखान्यांत कामाला आलेले जपानी वंशाचे ब्राझिलियनही आहेत. ते पडद्यावर नाहीत, याचा अर्थ कोणीतरी त्यांना घेतलं नाही. त्यावर बोलायला हवं आणि मी खाली बोलणार आहे. पण तिथून सुरुवात केली की ‘डार्क वॉटर’मध्ये जे आहे तेही हातचं जातं.

आधी एक खुलासा करतो, कारण पोस्टरवर ‘फॅमिली हॉरर’ असं छापून एका क्लबने शाळकरी पोरं गोळा केल्याचं मी पाहिलंय. मुलांना घेऊन बघायचे भुताचे सिनेमे जपानमध्ये वेगळे निघतात. शाळेतल्या भुतांच्या गोष्टींवर 1995 पासून एक अख्खी मालिका निघाली, ती त्यातली. ‘डार्क वॉटर’, ‘जू-ऑन’ हे कुटुंबासाठीचे नाहीत, कुटुंबाबद्दलचे आहेत. यात भीती घराच्या कारभारातून येते: मूल कोणाकडे, म्हातारीला कोण बघणार, भाडं कोण भरणार, नवरा काय करतो.

म्हणून मी वर्गात प्रेक्षकांना एकच गोष्ट बघायला सांगतो. भूत कुठे आहे ते नंतर बघा. घर कोणाच्या नावावर आहे, ते मिळालं कसं, आणि तिथे राहणाऱ्याने तक्रार केली तर ऐकतं कोण, हे आधी बघा. जपानी कौटुंबिक भयपटात कोणाला जागा आहे आणि कोणाला नाही, हे तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

‘डार्क वॉटर’ची योशिमी (हितोमी कुरोकी) घटस्फोटाच्या प्रक्रियेत आहे. पाचेक वर्षांची मुलगी इकुको तिच्याजवळ आहे आणि ताब्याचा वाद चालू आहे. जपानच्या दिवाणी कायद्यात तेव्हा घटस्फोटानंतर मुलाचा ताबा आई किंवा बाप, दोघांपैकी एकालाच मिळायचा. दोघांनाही ठेवता येईल अशी दुरुस्ती संसदेने केली ती थेट 2024 मध्ये. म्हणजे 2002 चा प्रेक्षक हे बघताना जाणून होता की हिने दावा हरला तर मूल गेलंच. मध्यस्थांसमोर तिचं जुनं दुखणं निघतं. पूर्वी ती मुद्रितशोधनाचं काम करायची, हिंसक कादंबऱ्यांची प्रुफं वाचून वाचून तिच्या मनावर परिणाम झाला होता आणि उपचार घ्यावे लागले होते. नोकरी नाही, म्हणून ती पुन्हा तेच काम शोधते. मुलाखतीत अडकल्यामुळे बालवाडीत मुलीला घ्यायला जायला उशीर होतो, आणि तो उशीरही तिच्याविरुद्ध जाणार हे तिला कळतं. ती घाईघाईने जी जागा घेते ती तिच्या खिशाला परवडणारी: जुनी, ओल आलेली इमारत, 305 नंबरची खोली, सुस्त म्हातारा रखवालदार.

छताला ओल धरते. योशिमी रखवालदाराला सांगते, तो ऐकून घेतो. एजंटाला सांगते, तो रखवालदाराकडे बोट दाखवतो. डाग वाढतो, पाणी गळायला लागतं, मुलीच्या अंथरुणाजवळ भांडी ठेवावी लागतात. ती पुन्हा सांगते आणि पुन्हा तेच होतं. मग तिचा वकील येतो. पुरुष, कोट घातलेला, आवाज न चढवता बोलणारा. तोच एजंट आणि तोच रखवालदार त्याच्यासमोर माना डोलावतात, वरच्या 405 नंबरच्या खोलीत जाऊन बघतात, दुरुस्तीचं कबूल करतात. सगळं चुटकीसरशी होतं. या प्रसंगात भूत नाही, संगीत नाही, कोणी दचकत नाही. माझ्या मते संपूर्ण चित्रपटातला सगळ्यात कडवा प्रसंग हाच. बाई इतके दिवस जे सांगत होती ते खोटं नव्हतंच, फक्त ते सांगायला ती पुरेशी नव्हती. एकट्या आईचं प्रतिनिधित्व म्हणजे काय, असं तुमच्या क्लबातल्या मुलीने पुन्हा विचारलं तर हा तुकडा परत लावून दाखवा.

आता वरच्या खोलीतली मुलगी. मित्सुको. तिची आई सोडून गेलेली, तिला घ्यायला बालवाडीत कोणी आलं नाही, ती एकटीच घरी आली आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत पडली. पिवळा रेनकोट, लाल पिशवी. त्यानंतर ती ‘बेपत्ता’ म्हणून भिंतीवरच्या कागदात उरली आणि इमारत तेच पाणी पीत राहिली. ही मुलगी सूड घ्यायला आलेली नाही, तिला आई हवी आहे. योशिमी स्वतः लहानपणी अशीच पावसात आईची वाट बघत बसलेली, हे चित्रपट पहिल्याच दृश्यात सांगून ठेवतो. म्हणजे पडद्यावर दोन पिढ्यांच्या तीन मुली आहेत, वेळेवर घ्यायला कोणी न आलेल्या. जपानमध्ये एकल पालकांच्या घरांपैकी जवळपास निम्मी घरं सरकारी मोजणीत गरीब ठरतात, आणि त्यातल्या बहुसंख्य आया नोकरी करणाऱ्या आहेत. या आयांना तेव्हाच्या मुख्य धारेतल्या भयपटांनी जितकी जागा दिली तितकी सभ्य कौटुंबिक सिनेमाने क्वचितच दिली असेल.

पण तुमच्या क्लबातल्या मुलीच्या आक्षेपातला खरा दम शेवटाशी आहे, आणि तिथे मी तिच्या बाजूने आहे. योशिमी लिफ्टमध्ये मित्सुकोला ‘मी तुझी आई’ म्हणून कवटाळते आणि स्वतःच्या मुलीला वाचवण्यासाठी तिच्यापासून कायमची तुटते. दहा वर्षांनी इकुको बापाच्या नव्या संसारात वाढलेली दिसते. व्यवहारात बघा: ताब्याचा दावा बाप जिंकला. चित्रपटाने आईची बाजू दीड तास घेतली आणि निकाल देताना तिला त्यागमूर्ती करून टाकलं. जिवंत राहून, नोकरी करून, मुलीला वाढवणारी एकटी बाई दाखवायची हिंमत झाली नाही. मूळ कथा कोजी सुझुकी यांची, पटकथा लिहिणारे दोघे, दिग्दर्शक आणि निर्माता ताकाशिगे इचिसे हे सगळे पुरुष आहेत, ही गोष्ट इथे सांगायलाच हवी. सुझुकी स्वतः घर आणि मुली सांभाळत लिहिणारे बाप म्हणून ओळखले जात, त्यामुळे रोजची धावपळ त्यांना बाहेरून बघितल्यासारखी वाटत नाही. तरीही आईचा शेवट काय करायचा, हे जुन्याच वाटेने गेलं. या धाटणीत बाई दिग्दर्शक फार थोड्या. मारी आसातो यांनी ‘जू-ऑन’ मालिकेतला एक भाग 2009 मध्ये केला, तो मिळाला तर जरूर बघा, पण अशी नावं बोटांवर मोजावी लागतात.

ताकाशी शिमिझु यांच्या ‘जू-ऑन’कडे (2002) येतो, कारण घर आणि माणसं यांचा हिशोब तिथे आणखी उघडा आहे. तो सगळ्यांना आठवतो जिन्यावरून सरपटत येणाऱ्या कायाको या भुतामुळे. मला आठवते ती सुरुवातीची रिका. समाजकल्याण केंद्राची ही स्वयंसेविका एका म्हातारीला बघायला तोकुनागा कुटुंबाच्या घरी जाते. दार उघडं, घरभर पसारा, म्हातारी मळलेल्या अंथरुणात, घरचं कोणी जागेवर नाही. रिका पदर खोचून आवरायला लागते. वरून खरवडल्याचा आवाज येतो. माळ्यावरच्या खोलीत कपाट चिकटपट्टीने बंद केलेलं, आत मांजर आणि एक पांढराफटक मुलगा. हा प्रसंग भुताचा म्हणून गाजला, पण त्या सुमाराला तो बघणाऱ्या जपानी प्रेक्षकाला कपाटाआधीच धसका बसला असणार. एप्रिल 2000 मध्ये जपानने वृद्धांच्या देखभालीसाठी विमा योजना सुरू केली. तोवर ते काम सुनेचं, असं धरूनच चाललेलं. आता परकं माणूस घरात येणार, दार उघडणार आणि आत काय चाललंय ते बघणार होतं.

आणखी दोन तारखा. मुलांच्या छळाविरुद्धचा कायदा 2000 चा, जोडीदाराच्या मारहाणीविरुद्धचा 2001 चा. कायाको आणि कपाटातला तो मुलगा तोशिओ कोण आहेत? संशयाने पेटलेल्या नवऱ्याने मारलेली बायको आणि त्याच घरात संपलेलं पोर. ही भुतं हवेतून आलेली नाहीत. त्या काळात पोलिसांपर्यंत आणि वर्तमानपत्रांपर्यंत पोचायला लागलेलीच ही माणसं. नवऱ्याने छळून मारलेली बाई भूत होऊन परतणं हे तर 1825 च्या काबुकी नाटकातल्या ओइवापासून चालत आलेलं. लांब मोकळे केस, विस्कटलेला चेहरा, हे सगळं रंगभूमीचं देणं आहे. ‘बाईच का भूत होते’ या प्रश्नाला माझं उत्तर असं की जिवंतपणी जिचं कोणी ऐकलं नाही तिच्याकडे तक्रारीची दुसरी खिडकी नव्हती. हे उत्तर समाधानकारक नाही हे मला कळतं. कायाकोला अख्ख्या चित्रपटात धड एक वाक्य बोलायला मिळत नाही, नुसता घशातला आवाज. बळी म्हणून तिची दखल घेतली, माणूस म्हणून घेतली नाही.

‘विविधता’ आणली की काय होतं, याचा नमुनाही हाताशी आहे. शिमिझु यांनीच 2004 मध्ये हॉलिवूडसाठी हाच चित्रपट ‘द ग्रज’ या नावाने पुन्हा केला. टोकियोतच, तसंच घर, कायाको आणि तोशिओचे कलाकारही तेच. पण भाडेकरू अमेरिकन झाले, म्हातारी अमेरिकन झाली, आणि तिला बघायला जाणारी जपानी योको पहिल्या काही मिनिटांत मरते. तिची जागा अमेरिकन नायिका (सारा मिशेल गेलर) घेते. मोजणी केली तर या आवृत्तीत दोन वंश, दोन भाषा, म्हणजे ‘विविधता’ जास्त. पण जपानी माणसांच्या वाट्याला आलं काय? एक माहिती पुरवणारा पोलीस, एक लगेच मरणारी मदतनीस, आणि भुतं. मूळ चित्रपटात जपानी माणसं सून होती, नणंद होती, शिक्षक होती. इथे ती परक्या शहराच्या भीतीचं सामान झाली. एक गोष्ट मात्र या आवृत्तीने मूळच्यापेक्षा चांगली पकडली: नवऱ्याच्या नोकरीमागे आलेली जेनिफर, जिला भाषा येत नाही, जी फिरायला जाते आणि वाट चुकते. परदेशात सोबत म्हणून गेलेल्या बायकांना हा तुकडा भुतापेक्षा जास्त लागतो, हे मी चर्चांमधून ऐकलंय.

उलट उदाहरण ‘रिंग’चं. सुझुकी यांच्या 1991 च्या कादंबरीत शोध घेणारा पत्रकार पुरुष आहे, बायको-मुलगी असलेला. 1998 च्या चित्रपटात त्याची रेइको झाली, घटस्फोटित आणि एकटीने मुलगा वाढवणारी. या एका बदलाने पुढच्या कैक भयपटांना नायिका मिळाली. पण त्याच चित्रपटाने दुसरी गोष्ट गाळली. कादंबरीतलं भूत म्हणजे सादाको, तिचं शरीर जन्मतःच स्त्री-पुरुष या ठरीव चौकटीत न बसणारं आहे. जपानी चित्रपटाने तो धागा सोडला, 1999 च्या कोरियन आवृत्तीने ठेवला. मग जपानी चित्रपट मागास ठरला का? मी कादंबरी वाचली तेव्हा मला उलट वाटलं. तिथे ते शरीर एक ‘भयंकर गुपित’ म्हणून उघड होतं, तिच्यावरच्या अत्याचाराच्या प्रसंगात, ते करणाऱ्या माणसाच्या तोंडून. असं प्रतिनिधित्व असण्यापेक्षा नसलेलं बरं. माझे काही सहकारी हे मानत नाहीत. त्यांचं म्हणणं, गाळणं हाच सोपा मार्ग होता, नीट लिहिणं अवघड होतं म्हणून टाळलं. त्यांचंही चुकीचं नाही.

बापांबद्दल फार लिहीत नाही. या धाटणीत ते बहुधा गैरहजर किंवा खुनी. तेत्सुया नाकाशिमा यांच्या 2018 च्या ‘कुरु’मध्ये पहिल्यांदा आदर्श बाप म्हणून इंटरनेटवर मिरवणारा, घरी मात्र काडी न हलवणारा माणूस मध्यभागी आला. तो भाग फार झकास आहे, उरलेला चित्रपट आरडाओरड्याचा.

आता पडद्यावर न आलेल्यांकडे. जपानमध्ये घर भाड्याने घ्यायला बहुधा हमीदार लागतो, अनेक ठिकाणी घरमालकाला परत न मिळणारी ‘भेट’ द्यावी लागते, आणि मालक नाही म्हणू शकतो. जपानच्या न्याय मंत्रालयाने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे 40 टक्क्यांनी परदेशी असल्यामुळे नकार मिळाल्याचं सांगितलं. घर मिळायला अडचण येणाऱ्यांसाठी जपानमध्ये खास कायदा आहे, 2007 चा, पुढे 2017 मध्ये वाढवलेला. त्याच्या यादीत वृद्ध आहेत, अपंग आहेत, मुलं वाढवणारी घरं आहेत, कमी उत्पन्नाची माणसं आहेत, आणि नियमांत परदेशीही आहेत. ही यादी वाचताना मला जपानी कौटुंबिक भयपटाची पात्रयादी वाचल्यासारखं वाटलं. योशिमी त्यात आहे, ‘जू-ऑन’ची म्हातारी त्यात आहे. फक्त शेवटचं नाव सिनेमात पोचलेलं नाही. 2022 च्या अखेरीस जपानमधल्या परदेशी रहिवाशांची संख्या 30 लाखांवर गेली. वृद्धांच्या देखभालीसाठी 2008 पासून इंडोनेशियातून, मग फिलिपिन्समधून, नंतर व्हिएतनाममधून माणसं सरकारी करारानेच येतात. आज ‘जू-ऑन’ नव्याने केला तर त्या दारात उभी राहणारी रिका जाकार्ताची असायला काहीच हरकत नाही. तिचा व्हिसा नोकरीला बांधलेला. त्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं ती म्हणू शकेल का? यात मला मूळच्यापेक्षा मोठा भयपट दिसतो.

यात आपल्या माणसांचाही धागा आहे. टोकियोच्या एदोगावा भागात निशी-कासाईच्या आसपास भारतीयांची मोठी वस्ती आहे, तिच्यात मराठी घरं बरीच. 2019 मध्ये तिथल्या स्थानिक सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक मराठीच. आयटीतल्या भारतीयांनी तिथे आणि शेजारी सरकारी महामंडळाच्या मोठ्या इमारती धरल्या, त्याचं एक साधं कारण म्हणजे तिथे हमीदार लागत नाही, ‘भेट’ही नाही. ‘डार्क वॉटर’सारख्याच काँक्रीटच्या लांबलचक गॅलऱ्या. जपानी भयपटाने या गॅलऱ्या कितीतरी वेळा वापरल्या, पण त्यात राहणारा भारतीय शेजारी माझ्या तरी बघण्यात आला नाही.

जाता जाता घरांबद्दल एक. ज्या खोलीत खून किंवा आत्महत्या झाली ती स्वस्तात जाते, आणि असं काही घडलं असेल तर भाडेकरूला साधारण तीन वर्षं ते सांगावं, अशी मार्गदर्शक तत्त्वं सरकारने 2021 मध्ये काढली. नाकाता यांनी त्याच्या आदल्या वर्षी नेमक्या अशाच खोल्यांवर चित्रपट केला होता. त्यात नायक अशा खोल्यांत हौसेने राहतो, टीव्हीवर प्रसिद्धी मिळावी म्हणून. मला तो पटला नाही. अशी खोली ज्याला दुसरीकडे नकार मिळालाय त्याच्या वाट्याला येण्याची शक्यता जास्त, आणि त्याची गोष्ट घेतली असती तर नाकाता पुन्हा योशिमीपाशी पोचले असते.

तुमच्या पुढच्या कार्यक्रमाबद्दल. एक अख्खा चित्रपट दाखवून ‘आता बोला’ म्हणू नका, लोक भुतावरच बोलतात. दोन्ही ‘जू-ऑन’ची, 2002 आणि 2004 ची, पहिली पंचवीसेक मिनिटं लागोपाठ लावा आणि मदतनीस घरात शिरल्यापासून कोण किती बोलतं तेवढं टिपायला सांगा. मग ‘डार्क वॉटर’मधला वकिलाचा प्रसंग. त्यावर भरपूर चर्चा होते, सांभाळायला घड्याळ लागतं. तुमच्या ओळखीत टोकियोत किंवा ओसाकात भाड्याने राहून आलेलं कोणी असेल तर त्यांना बोलवा आणि घर कसं मिळालं एवढंच विचारा. आक्षेप घेणाऱ्या मुलीला सूत्रसंचालन द्या. ज्येष्ठांना आधी ती सरकारी यादी वाचायला द्या, म्हणजे ‘जपानमध्ये जपानीच’ हे वाक्य निदान त्या संध्याकाळी येणार नाही. आणि पोस्टरवर वयाची अट ठळक छापा.